रिमोटचं रेकॉर्डिंग: सपोर्टवाल्याच्या लॅपटॉपवर की मधल्या सर्व्हरवर?

रिमोट घेऊन, म्हणजे दुसऱ्याच्या संगणकाचा ताबा लांबून घेऊन, सपोर्ट देणाऱ्याला हे वाक्य नवीन नसतं: "काल तुमच्या मुलाने रिमोट घेतला ना, तेव्हापासूनच असं होतंय." कधी ते खरं असतं, कधी खोटं, बऱ्याचदा दोन्हींची भेसळ. फोनवर हुज्जत घालत बसण्यापेक्षा कालचं सेशन (रिमोट घेतल्यापासून सोडेपर्यंतचं काम) परत चालवून बघितलेलं बरं, म्हणून आम्ही रेकॉर्डिंग सुरू केलं. ऑडिट, नव्या मुलांचं प्रशिक्षण वगैरे कारणं त्याला नंतर येऊन चिकटली.

आमची गिऱ्हाइकं म्हणजे मुख्यतः पतसंस्था. मुख्य कार्यालय तालुक्याला, शाखा बाजाराच्या गावांत. प्रत्येक शाखेत चार-पाच विंडोज मशिन, एक पासबुक प्रिंटर आणि संगणकाचं सगळं बघणारी एक ताई, जिचं मूळ काम कॅशचं असतं. तुमच्याकडचं चित्र साधारण असंच असेल तर पुढचं उपयोगी पडेल. हजारो मशिन सांभाळणाऱ्या कंपनीत असाल, तर यासाठी वेगळं बजेट आणि वेगळा विभाग असेल. तिथले निकष वेगळे.

रेकॉर्डिंग जमतं का, हा प्रश्न आता राहिलेला नाही. विंडोजसोबत येणाऱ्या क्विक असिस्ट या रिमोटच्या साधनात ती सोय नाही, पण नावाजलेल्या बाकीच्या बहुतेक साधनांत आहे. बघायचं ते इतकंच, की रेकॉर्डिंग होतं कुठे. एक तर सेशनच्या टोकाला, म्हणजे सपोर्टवाल्याच्या किंवा शाखेच्या मशिनवर. नाहीतर मध्ये, ज्या सर्व्हरवरून सेशन जातं तिथे. दोन्हीकडच्या वैशिष्ट्यांच्या याद्या लांबलचक आहेत, पण रोजच्या वापरात जे फरक जाणवतात ते बहुतेक या एकाच गोष्टीतून निघतात.

मी टोकाकडून सुरुवात केली आणि आता मध्ये येऊन थांबलोय. म्हणजे माप कुठे झुकणार ते आधीच सांगितलेलं बरं.

टोकाला

टीमव्ह्यूअर, एनीडेस्क आणि रस्टडेस्क हे तिघे या गटातले. सेशन चालू असताना बटण दाबलं की रेकॉर्डिंग सुरू, किंवा सेटिंगमध्ये एकदा खूण करून ठेवली की दर सेशनला आपोआप. फाइल आपल्याच डिस्कवर. सर्व्हर उभा करायला नको, कुणाची परवानगी काढायला नको. काम एकट्याचं असेल तर याहून सुटसुटीत काही नाही.

तिघांत फरक आहे तो फाइलच्या जातीचा. टीमव्ह्यूअरची फाइल टीव्हीएस प्रकारची, एनीडेस्कची त्याच्याच नावाच्या एक्स्टेन्शनची. दोन्ही बघायच्या तर ते ते सॉफ्टवेअर लागतं. रस्टडेस्क मात्र पलीकडून येणारा व्हिडिओचा प्रवाह जवळपास आहे तसा फाइलमध्ये भरतो. त्यामुळे कोडेकप्रमाणे (व्हिडिओ आवळण्याच्या पद्धतीप्रमाणे) वेबएम किंवा एमपी४ फाइल मिळते आणि ती व्हीएलसीत, ब्राउझरमध्ये कुठेही चालते. संस्थेच्या व्यवस्थापकांना पाठवली तर "उघडत नाही हो" असा फोन परत येत नाही. हे सुख लहान नाही. ज्यांना रेकॉर्डिंग मुख्यतः दुसऱ्याला पाठवण्यासाठीच हवंय, त्यांनी इथेच थांबून रस्टडेस्क घ्यावा. माझी हरकत नाही.

एनीडेस्कबद्दल एक वेगळीच अडचण आहे, आणि तिचा रेकॉर्डिंगशी संबंध नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सावध केलं होतं, की भामटे लोकांना हे ॲप घ्यायला लावून फोनचा ताबा मिळवतात आणि यूपीआयवरून पैसे काढतात. दोष ॲपचा नव्हता. पण ते नाव तेव्हापासून पैशांशी संबंध असलेल्या प्रत्येक माणसाच्या डोक्यात बसलंय. शाखेतल्या ताईंना "एनीडेस्क उघडा" म्हटलं की त्या आधी मॅनेजरना विचारतात, आणि खरं तर बरोबरच करतात.

काही जण रिमोटचं साधन कुठलंही वापरतात आणि बाजूला ओबीएस हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर लावून आपली अख्खी स्क्रीन रेकॉर्ड करतात. त्यात मध्येच आलेला व्हॉट्सॲपचा संदेश, दुसऱ्या गिऱ्हाइकाचा पासवर्ड असलेली नोटपॅड, सगळंच येतं. तात्पुरतं ठीक आहे, पण ही फाइल कुणाला दाखवायची वेळ आली की मग आठवतं त्यात काय काय आहे.

मध्ये

दुसऱ्या गटात मी दोन नावं धरतो: अपाचे ग्वाकामोली आणि मेशसेंट्रल. दोन्ही मुक्त स्रोत, दोन्ही आपल्या सर्व्हरवर चालवायची.

ग्वाकामोली हे गेटवे, म्हणजे मधलं प्रवेशद्वार, आहे. सपोर्टवाला ब्राउझर उघडतो, लॉगिन करतो, यादीतून मशिन निवडतो. ब्राउझर आणि शाखेचं मशिन यांच्यामध्ये 'ग्वाकडी' नावाचा प्रोग्रॅम बसलेला असतो. तो पलीकडे आरडीपी, व्हीएनसी किंवा एसएसएच (लांबच्या मशिनवर काम करायच्या ठरलेल्या भाषा) बोलतो आणि अलीकडे ब्राउझरशी स्वतःच्या भाषेत बोलतो: इथे हे चित्र काढ, हा चौकोन तिकडे सरकव, माउसचा बाण इथे ठेव. या सूचना साध्या मजकुरासारख्या असतात, प्रत्येक भागाच्या आधी त्याची लांबी लिहिलेली. रेकॉर्डिंग म्हणजे याच सूचना वेळेसकट फाइलमध्ये उतरवून ठेवणं. गाण्याचं ध्वनिमुद्रण करण्याऐवजी नोटेशन लिहून ठेवावं तसं. परत बघताना त्या सूचनांवरून स्क्रीन नव्याने काढली जाते.

याचा एक फायदा सरळ आहे. स्क्रीनवर काही हलत नसेल तर लिहायलाही फारसं काही नसतं. ताई फोनवर ग्राहकाशी बोलतायत, आपला मुलगा नुसता थांबलाय, अशा वेळेत फाइल जेमतेम वाढते. उलट कुणी सेशनमध्ये यूट्यूब लावला की ती भराभर फुगते. आमच्याकडची बहुतेक सेशन फॉर्म आणि टेबलांच्या स्क्रीनवर चालतात, त्यामुळे डिस्कचा ताण अपेक्षेपेक्षा कमीच पडलाय. तुमच्याकडे डिझाइनचं किंवा व्हिडिओचं काम असेल तर हा हिशेब वेगळा निघेल.

मेशसेंट्रलची रचना निराळी. प्रत्येक मशिनवर त्याचा एजंट, म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम, बसवायचा, तो स्वतःहून सर्व्हरला जोडलेला राहतो. सेशन सर्व्हरवरून जातं आणि तिथेच रेकॉर्ड होतं. फाइल एमसीरेक प्रकारची, ती बघायला त्यांचाच ब्राउझरमधला प्लेअर. किती रेकॉर्डिंग ठेवायची, किती दिवस, किती मेगाबाइट, ही मर्यादा त्याच्या सेटिंगमध्येच घालता येते. ग्वाकामोलीत ती सोय नाही, आणि ही उणीव मला रोज जाणवते. फाइलची अनुक्रमणिका करण्याचा पर्यायही तिथे आहे. तो चालू केला नाही तर मागे-पुढे उड्या मारायची पंचाईत होते.

रस्टडेस्कचाही स्वतःचा सर्व्हर उभारता येतो, मग त्यावर रेकॉर्ड का करू नये, असं मला बरेच जण विचारतात. दोन टोकांमधला प्रवाह टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद असतो. मधल्या रिले सर्व्हरला तो पुढे ढकलता येतो, वाचता येत नाही. जी गोष्ट सुरक्षिततेसाठी चांगली, तिच्यामुळेच मध्ये रेकॉर्डिंग होऊ शकत नाही. ग्वाकामोलीत उलट: मधल्याला सगळं दिसतं, म्हणूनच तो लिहून ठेवू शकतो. म्हणजे तो सर्व्हर किती जपायला हवा हेही ओघाने आलंच.

फाइल आहे, पण कुठे?

आता ज्या त्रासामुळे मी बाजू बदलली तो.

एका पतसंस्थेच्या शाखेत बाजाराच्या दिवशी सकाळी पासबुकावरची छपाई सरकायला लागली. नोंदीची ओळ बरोबर पासबुकाच्या मधल्या घडीवर, रक्कम दुमडीत गेलेली. बाहेर रांग. कारण पाच मिनिटांत सापडलं: प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये पासबुकासाठी बनवलेला कागदाचा आकार जाऊन तिथे ए४ बसला होता. आकार परत निवडला, छपाई जागेवर आली. काम इथेच संपायला हवं होतं. पण मुख्य कार्यालयाला लेखी हवं होतं, की हे केलं कुणी. आदल्या संध्याकाळी आमच्या मुलाने त्याच मशिनवर रिमोट घेतलेला होता, अँटिव्हायरसच्या कामासाठी. त्याचं म्हणणं, मी प्रिंटरला हात लावला नाही. ताईंचं म्हणणं, मीही नाही.

रेकॉर्डिंग होतं. मुलाच्या लॅपटॉपवर. लॅपटॉप त्याच्या बॅगेत, बॅग एसटीत, एसटी घाटात, आणि फोनला रेंज नाही. दुपारभर तिकडून फोन, इकडून "बघून सांगतो". पुरावा आहे हे माहीत असून तो हाताशी नसणं हे पुरावाच नसण्यापेक्षा जास्त चिडचिड करणारं असतं. त्यात अवघड गोष्ट अशी, की ज्याच्यावर आळ, पुरावा त्याच्याच ताब्यात. आमच्या मुलावर माझा विश्वास आहे. पण समोरच्या संस्थेने तो का ठेवावा? फाइल कापली, पुसली, तर कुणाला कळणार होतं?

संध्याकाळी फाइल पाहिली तेव्हा दोघंही खरं बोलत होते असं निघालं. अँटिव्हायरसचं काम संपल्यावर सेशन चालूच होतं, आणि त्यातच शाखेच्या बाजूने प्रिंटरची सेटिंग उघडून ए४ निवडलेलं दिसत होतं. ते पाहून मुलाला आठवलं: ताईंनी फोनवर विचारलं होतं, की खातेउतारा अर्धाच का छापतोय, आणि हा म्हणाला होता, "ए४ करून बघा." त्याने हात लावला नव्हता, सांगितलं होतं. त्यांनी स्वतःहून केलं नव्हतं, सांगितलेलं केलं होतं. जाता जाता: रिमोटच्या रेकॉर्डिंगमध्ये हात दिसतात, बोलणं नसतं. फोनचं रेकॉर्डिंग वेगळं असेल तर दोन्हींच्या वेळा जुळवता आल्या पाहिजेत.

त्या दिवशी साधन कुठलं होतं याला महत्त्व नाही. टोकाला रेकॉर्ड करणारं कुठलंही असतं तरी हेच झालं असतं. त्यावर तोडगे निघतात, मी काढलेही. व्हिडिओचा फोल्डर रोज आपोआप कार्यालयात सिंक व्हावा अशी सोय केली. पण मुलं दिवसभर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. डेटा वाचवायला सिंक थांबवून ठेवतात आणि परत चालू करायचं राहून जातं. कुणी नोकरी सोडतो, लॅपटॉप फॉरमॅट होऊन दुसऱ्याकडे जातो. फाइलच्या नावात मशिनचा आकडी आयडी असतो, तो कुठल्या शाखेचा हे वेगळ्या वहीत. शाखेच्या मशिनवर रेकॉर्ड करायचं म्हटलं तर तिथली एसएसडी आधीच भरत आलेली असते, शिवाय ते मशिन बिघडलं म्हणूनच तर आपण रिमोट घेतलेला असतो!

न उघडणारी फाइल मी कशीही उघडून घेईन. न सापडणाऱ्या फाइलचं काय करणार? माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

परत बघताना

ग्वाकामोलीत २०२३ साली आलेल्या १.५.० आवृत्तीपासून रेकॉर्डिंग ब्राउझरमध्येच बघता येतं. त्यासाठी एक जोड एक्स्टेन्शन टाकावं लागतं. मग इतिहासाच्या पानावर वापरकर्ता, मशिन, सुरू झाल्याची वेळ, किती वेळ चाललं, आणि ओळीच्या शेवटी 'बघा' अशी लिंक. वरच्या चौकटीत शाखेचं नाव टाकलं की तेवढ्याच ओळी उरतात. ज्याने सेशन केलं तो एसटीत असो की रजेवर, काही अडत नाही. रेकॉर्डिंग पुसण्याचं बटण त्या पानावर नाही, हेही मला पथ्यावरच पडलं.

त्याआधीच्या आवृत्त्यांत फाइल बघायची तर ती 'ग्वाकएन्क' नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने व्हिडिओत बदलावी लागायची. तो अजूनही आहे आणि लागतोही, कारण बाहेरच्या माणसाला रेकॉर्डिंग द्यायचं तर व्हिडिओच द्यावा लागतो. वापरताना एक गोष्ट ध्यानात ठेवा: आकार सांगितला नाही तर तो ६४० बाय ४८० चा व्हिडिओ करतो. आजच्या स्क्रीनवरची अक्षरं त्यात मुंग्यांएवढी होतात. १२८० बाय ७२० तरी सांगा, बिटरेटही थोडा वाढवा. मोठ्या फाइलला वेळ लागतो, तेव्हा हे काम रात्रीवर टाकलेलं बरं.

ब्राउझरमधला प्लेअर साधा आहे. चालवा, थांबवा, खालची पट्टी ओढा. लांबच्या जागी उडी मारली की तो थोडा विचारात पडतो, कारण स्क्रीन सूचनांवरून पुन्हा रचत न्यावी लागते. साध्या व्हिडिओसारखी झटपट सरकत नाही. दीड तासाच्या सेशनमधला एक क्लिक शोधायचा असेल तर चहा घेऊन बसा. इथे रस्टडेस्कची एमपी४ निःसंशय सरस, दुप्पट-चौपट वेगाने पळवता येते.

बाण दिसतो का, हे मात्र कुठलंही साधन घेण्याआधी तपासा. बऱ्याच रिमोट साधनांत माउसचा बाण चित्रापासून वेगळा पाठवला जातो, त्यामुळे रेकॉर्डिंगमध्ये तो आपोआप येईलच असं नाही. बाणाशिवायचं रेकॉर्डिंग बघणं म्हणजे खिडक्या आपोआप उघडमीट होताना बघणं. क्लिक कुठे केलं हे कळतच नाही. ग्वाकामोली बाणाच्या हालचाली मुळातच नोंदवतो, नको असतील तर आपण बंद करायच्या. बाकीच्यांची मिनिटभराची चाचणी घेऊन खात्री करा.

वेळेची एक गंमत. ग्वाकामोली डॉकरमध्ये (प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणाऱ्या साधनात) चालवला आणि टाइमझोन सांगितला नाही, तर कंटेनरचं घड्याळ बहुधा यूटीसीवर, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर, असतं. फाइलच्या नावात वेळ घालायची सोय आहे, पण ती सर्व्हरची वेळ. सकाळी १०:२० ला घेतलेल्या रिमोटच्या फाइलवर ०४:५० पडतं, आणि तक्रारीच्या तिकिटाशी जुळवताना माणूस चक्रावतो. कंटेनरला भारतीय वेळ सांगून टाका.

लिनक्स सर्व्हरवर एसएसएचने काम करत असाल तर चित्राच्या भानगडीत पडूच नका. ग्वाकामोली टर्मिनलचा (आज्ञा टाइप करायच्या खिडकीचा) मजकूर वेगळ्या फाइलमध्ये ठेवू शकतो, सोबत वेळेची दुसरी फाइल. 'स्क्रिप्टरीप्ले' या आज्ञेने ते हुबेहूब परत चालतं आणि मजकूर असल्याने शोधताही येतं.

मधल्याची दुखणी

पहिलं आणि सगळ्यात मोठं: ग्वाकामोलीला शाखेच्या मशिनपर्यंत पोचता आलं पाहिजे. तो एजंट बसवत नाही, आयडी देत नाही. म्हणजे प्रत्येक शाखेपर्यंत व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरूनच काढलेला खासगी रस्ता, हवं. आमच्या संस्थांचं सॉफ्टवेअरच व्हीपीएनवर चालतं, रस्ता तयार होता. तुमचा नसेल तर ग्वाकामोलीचा विचार इथेच सोडून मेशसेंट्रलकडे वळा. त्याचा एजंट बाहेरच्या बाजूने ४४३ पोर्टवर जोडतो, राउटरमध्ये काही उघडावं लागत नाही. व्हीपीएन नसतं तर मीही तेच केलं असतं.

दुसरं: साध्या विंडोजवर आरडीपीने शिरलं की समोर बसलेल्या माणसाची स्क्रीन लॉक होते. सर्व्हरच्या देखभालीला हे चालतं. ताईंना दाखवत काम करायचं असेल तेव्हा चालत नाही. विंडोजच्या होम आवृत्तीत तर आरडीपीने आत येण्याची सोयच नाही. त्यामुळे शाखांच्या मशिनवर व्हीएनसी सर्व्हर बसवावा लागतो, तो फक्त व्हीपीएनवरूनच पोचेल अशी फायरवॉल लावून. टोकाच्या साधनांत ही कटकट अजिबात नाही.

तिसरं क्षुल्लक, पण रोजचं: सगळं ब्राउझरच्या टॅबमध्ये असल्यामुळे पलीकडची खिडकी बंद करायला कंट्रोल-डब्ल्यू दाबलं की अख्खा टॅब बंद. नव्या मुलांना पहिला आठवडाभर हा प्रसाद मिळतोच.

चौथं मात्र गंभीर आहे. रेकॉर्डिंगच्या फोल्डरमध्ये लिहिता आलं नाही, तर ग्वाकडी लॉगमध्ये (आपल्या नोंदवहीत) चूक झाल्याची एक ओळ टाकतो आणि सेशन तसंच चालू ठेवतो. सपोर्टवाल्याला काही कळत नाही. म्हणजे परवानग्या बिघडल्या की काम नेहमीसारखं चाललेलं, आणि रेकॉर्डिंग शून्य. डिस्क भरली तरी भरवसा नाही. टोकाच्या साधनांत निदान बटणाजवळ लाल ठिपका तरी दिसतो. यावर उपाय म्हणून आम्ही डिस्क ऐंशी टक्क्यांवर गेली की इशारा आणि रोज सकाळी एक छोटी तपासणी लावली आहे: कालच्या इतिहासात जितकी सेशन, तितक्या फाइल्स आहेत का. ही तपासणी न लावता कुणी "आमचं सगळं रेकॉर्ड होतं" असं म्हणत असेल तर मी विश्वास ठेवणार नाही.

परवानग्यांचं एक उपप्रकरणही आहे. फाइल लिहितो ग्वाकडी, वाचतो टॉमकॅट (ग्वाकामोलीची वेब पानं चालवणारा प्रोग्रॅम), आणि दोघांचे वापरकर्ते वेगळे. टॉमकॅटला वाचता आलं नाही तर इतिहासाच्या ओळीत 'बघा' ही लिंकच उगवत नाही. चूक झाली असंही कुठे दिसत नाही. फोल्डरचा गट टॉमकॅटचा करून, नव्या फाइलला तोच गट लागेल अशी खूण लावली की प्रश्न मिटतो. दोन कंटेनर असतील तर फोल्डर दोघांत सामायिक हवा. बसवताना निम्मा वेळ इथेच जातो, तेवढी तयारी ठेवा.

आणि सर्व्हर एकच, तो पडला की सगळ्यांचाच सपोर्ट बंद. म्हणून रस्टडेस्क मशिनवर ठेवलेला आहे, आपोआप रेकॉर्डिंगसह. तो काढायचा विचारही नाही.

काय ठेवायचं, किती दिवस

ग्वाकामोलीत दाबलेल्या कळाही नोंदवता येतात. हा पर्याय मुळात बंद असतो आणि बंदच राहू द्या. कळा नोंदवल्या की पासवर्डही नोंदले जातात. स्क्रीनवर ठिपके दिसतात, फाइलमध्ये अक्षरं असतात. पतसंस्थेच्या कामात तो नसता धोका आहे.

मशिनवरच्या माणसाला आधी सांगणं हे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा येण्याआधीही सभ्यपणाचं होतं, आता तर सांगितलेलंच बरं. आमची मुलं फोनवर एक ठरलेलं वाक्य म्हणतात: "ताई, स्क्रीन रेकॉर्ड होतेय, कुणाचं खातं उघडं असेल तर आधी बंद करा." याचा अनपेक्षित फायदा झाला. ताई डेस्कटॉप आवरून ठेवतात, आणि रेकॉर्डिंगमध्ये खातेदारांचे तपशील कमी येतात.

किती दिवस ठेवायचं, याला आम्ही १८० दिवस धरलेत. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सिस्टिमचे लॉग १८० दिवस आणि भारताच्या हद्दीत ठेवायला सांगितलंय. सेशनचं चित्र म्हणजे लॉग का, यावर वाद घालता येईल. लेखापरीक्षकाशी तो घालण्यापेक्षा तोच आकडा पाळणं मला सोपं वाटलं. त्याच निर्देशांत घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवायला सांगितलंय, ते तर मागच्या टाइमझोनच्या गोंधळानंतर आपल्याच भल्याचं. जुन्या फाइल्स ग्वाकामोली स्वतः पुसत नाही, म्हणून रात्री चालणारं एक ओळीचं क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप होणारं काम) लावलंय. मेशसेंट्रलवाल्यांना हे सेटिंगमध्ये मिळतं, याचा हेवा वाटतो.

मग कुणी काय घ्यावं

एकटे असाल, गिऱ्हाईक ओळखीचं असेल आणि रेकॉर्डिंग लागलंच तर स्वतःसाठी, तर रस्टडेस्क पुरेसा आहे. दोन-तीन मुलं हाताखाली असतील, शाखा वेगवेगळ्या इंटरनेटवर असतील आणि व्हीपीएन नसेल तर मेशसेंट्रल. व्हीपीएन आहे, सर्व्हर सांभाळणारा एक माणूस आहे, आणि तुमच्या रेकॉर्डिंगवर तुमच्याव्यतिरिक्त कुणीतरी विश्वास ठेवायला हवाय, तर ग्वाकामोली. माझं मत अर्थातच आमच्या कामाच्या रंगाने रंगलेलं आहे. कॉल सेंटरवाला कदाचित प्लेअरच्या वेगावरून निराळं ठरवेल.

सध्या जे वापरताय ते बदलण्याआधी एवढं करून बघा. आठ दिवसांपूर्वीचं एखादं सेशन निवडा, आणि ज्याने ते केलं त्याला फोन न करता ते उघडून चालवून दाखवा. जमलं तर आहे ते ठीक आहे, बदलाच्या मागे लागू नका.